एकच दळण

"बाई, तुम्ही नक्की कशावर लिहिता?" प्रकाशकांनी विचारलं, आणि तिच्या तोंडात कट्‌कन काहीतरी तुटलं.

पेन्सिल चावायची तिची सवय शाळेपासूनची. समोरचा माणूस महत्त्वाचं काही बोलायला लागला की हाताला लागेल ती पेन्सिल उचलायची आणि दाढेखाली धरायची. आजची तर तिची नव्हतीच, प्रकाशकांच्या टेबलावरची होती. प्रश्न आला तसा जबडा आवळला गेला. पेन्सिलीला काही झालं नाही, दाढेचाच एक टवका निघून जिभेवर आला. तांदळातल्या खड्यासारखा. तो थुंकता येईना, गिळता येईना, आणि तो तोंडात धरून बोलताही येईना. प्रकाशकांना वाटलं, बाई विचार करताहेत. सभ्य गृहस्थ होते ते, वाट बघत राहिले. मग आपणच म्हणाले, "गैरसमज करून घेऊ नका हं. तुमचे सगळे लेख वाचलेत मी. आवडले म्हणूनच बोलावलंय. पण दुकानदाराला पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते कळायला नको का? एक लेख मधमाश्यांवर, एक लिफ्टवर, एक चष्म्याच्या भिंगांवर, मग ती म्हातारपणी पोहायला शिकणारी बाई, मग शिंपीकाम. हे सगळं एकत्र बांधलं तर त्याला म्हणायचं काय?" ती म्हणाली, "अं." "म्हणून माझं ऐका. एक धरा आणि बाकीचं सोडा. मधमाश्या धरा. लोकांना मधमाश्या आवडतात. एकामागून एक पाच पुस्तकं करू. तुमचं नाव विसरले तरी चालेल, लोक म्हणतील, त्या मधमाश्यांवाल्या बाई." ते हसले. चांगलं हसले, मनापासून. "आज संध्याकाळपर्यंत कळवा. उद्या आमचं पुढच्या वर्षाचं सगळं ठरतंय." ती पुन्हा "अं" म्हणाली, मान हलवली, आणि जिन्यात आल्यावर रुमालात तो टवका थुंकला. एवढासा होता. तोंडात केवढा वाटत होता.

रस्त्यावर आल्यावर तिनं पहिला फोन ताईला केला. ताई दातांची डॉक्टर. फोनवर नमस्कार-चमत्काराची पद्धत तिच्याकडे नाही. "दाढ तुटली ना? कधीची सांगतेय, दाखवून जा म्हणून. चारला ये, एक जण येत नाहीये. आणि तोपर्यंत जीभ लावू नकोस तिथे." जीभ लावू नकोस म्हटल्यावर जीभ दुसरीकडे कुठे जाणार? ती त्या धारदार कडेशी जाऊन बसली. कड चाचपायची, खरवडायची, मागं यायची, पुन्हा जायची. आणि मन त्याच चालीनं त्या एका वाक्याशी जाऊन यायला लागलं. मधमाश्यांवाल्या बाई. दुकानातला कोट अंगावर चढवून बघावा तसं तिनं ते नाव चढवून पाहिलं. वाईट दिसत नव्हतं. खांद्यात बसत होतं. पहिलं पुस्तक तर लिहून झाल्यासारखंच होतं, दुसऱ्यासाठी फिरता आलं असतं, तिसऱ्याला जरा ओढाताण झाली असती. आणि पाचव्या पुस्तकाच्या वेळी आपण एका खोलीत बसलोय असं तिला दिसलं, भोवती सगळं मधमाश्यांचं, आणि आपलं लक्ष खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीला रंग देणारा माणूस दोरावर लोंबकळत ब्रश कसा बदलतो तिकडे. नोकरी सोडून वर्ष झालं होतं. आता लोक भेटले की जपून विचारायचे, पुस्तकाचं कुठवर आलं? आजारी माणसाबद्दल विचारतात तसं. हो म्हणून टाकावं. पन्नाशीच्या उंबऱ्यावर माणसानं आणखी किती दिवस सगळ्या गाड्यांच्या मागं पळायचं? ती एका चाव्या करून देणाऱ्या दुकानासमोर थांबली होती. आतला माणूस जुनी चावी आणि कोरी चावी शेजारी शेजारी चिमट्यात आवळून यंत्र चालवत होता, पितळेचा भुगा उडत होता, आणि ती कधीची बघत उभी होती. काही हवंय का, असं त्यानं विचारल्यावर ती दचकली आणि नाही म्हणून पुढे निघाली. झालं. हेच ते. आई म्हणते तेच.

आई म्हणते, "एक ना धड, भाराभर चिंध्या." आता आई थकली, पण ही म्हण थकली नाही. आधी ती वडिलांसाठी होती, ते गेल्यावर वारसाहक्कानं धाकट्या मुलीकडे आली. वडिलांनी किती धंदे केले ते नीट कुणालाच सांगता यायचं नाही. तिला ते वासांवरून आठवायचे. फोटो काढायचे तेव्हा मोरीत काळोख करून ठेवलेला असायचा आणि आंबट, नाकात चढणारा वास यायचा. मग साबणाचे दिवस आले. सगळ्या घराला ओल्या चरबीसारखा वास यायचा आणि वह्यांची पानं सुद्धा बुळबुळीत लागायची. मग कोंबड्या. मग रेडिओ, तेव्हा तारा जोडायच्या तापलेल्या डाखाचा वास. मधे कधीतरी ते नदीच्या घाटावर मुलांना पोहायला शिकवायचे, तेव्हा टॉवेल कधी वाळलाच नाही. वाईट कारागीर नव्हते ते. उलट प्रत्येक गोष्ट त्यांना यायला लागायची, गिऱ्हाईक जमायला लागायचं, आई जरा सैल श्वास घ्यायची, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं लक्ष उडायचं. रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस त्यांना विचारायचा, "काय, सध्या काय?" पुढे पुढे तेच त्यांचं नाव पडलं. सध्याकाय. "सध्याकाय आले बघ," असं शेजारची बाई जिन्यातून ओरडायची, आणि वडील स्वतःही हसायचे. आई हसायची नाही. आईनं शिवणाचं एक यंत्र घेतलं आणि आयुष्यभर त्या एकाच यंत्रावर दोघी मुली वाढवल्या. ताईनं आईकडे बघितलं, दात धरले आणि सोडले नाहीत. धाकटी कुणाकडे बघत राहिली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून तर तिनं नोकरी धरली होती. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत, यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते ना, कुणी न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतं ती, ती लिहायची. बरीच वर्षं लिहिली. हसण्यासारखं काम, पण तिथे ती सुखात होती, आणि का सुखात होती याचा तिनं कधी विचार केला नव्हता. दर दोन-तीन महिन्यांनी नवीन यंत्र टेबलावर यायचं. इंजिनिअर म्हणायचे, "बाई, तुम्हाला यातलं काही येत नाही ना? छान. मग तुम्हीच उघडा." ती चुकीचं बटण दाबायची, झाकण उलटं बसवायची, एकदा तर सगळ्या खोलीभर पीठ उडवलं होतं. इंजिनिअर पोट धरून हसले होते, आणि तिनं पुस्तिकेत पहिलंच वाक्य लिहिलं होतं, झाकण बसल्याचा आवाज ऐकल्याखेरीज बटणाला हात लावू नये. संध्याकाळी घरी आल्यावर ती स्वतःचं लिहायची. कुठं काय दिसेल त्यावर. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या मागं मागं हिंडून, भिंगं घासणाऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसून. मासिकं छापायची, वाचणारे पत्रं पाठवायचे, आणि पुढच्या महिन्यात ती भलतीकडेच असायची. एकदा एका संपादकांनी प्रेमानं म्हटलं होतं, तुमचं लिखाण पाहुण्यासारखं असतं, येतं, गोड बोलतं, राहत नाही. त्या रात्री तिला झोप लागली नव्हती. राहायचं म्हणजे काय करायचं? कुणाच्या तरी घरात जन्मभर राहायचं तर ते घर आपलं वाटायला नको?

दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं हो म्हणायचं ठरवून टाकलं होतं. ठरवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. फोटो काढून घेताना हलू नका म्हटल्यावर अंगाचं जसं लाकूड होतं, तसं झालं.

ताईचा दवाखाना म्हणजे एक खोली, एक पडदा आणि ती खुर्ची. पाण्याचा बारीक आवाज सतत चाललेला, लवंगेच्या तेलाचा वास, काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, सगळे हसत असल्यासारखे. ताईनं तिच्याकडे पाहिलं ते थेट गालाकडे. "बस. आ कर. मोठा. अगं, मोठा." दिवा डोळ्यांवर आला. "काय चावत होतीस? पेन्सिल ना? देवा! मुळापर्यंत नाही गेलेलं, नशीब समज. सुई टोचतेय." सुई टोचली. हळूहळू ओठाचा कोपरा जड झाला, मग परका झाला, मग नाहीसाच झाला. गाल कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबायला लागला. ताईनं तोंडात कापसाचे बोळे कोंबले, पाणी ओढून घेणारी नळी अडकवली आणि मग, ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाशी बोलायचं सगळ्या दातांच्या डॉक्टरांना जे सुख असतं, ते सुख घेत ती बोलायला लागली.

"प्रकाशकाकडे गेली होतीस ना आज? काय म्हणाला? बोलू नकोस, जीभ मधे येते. आई सकाळीच विचारत होती, धाकटीचं काही ठरलं का? मी म्हटलं, ठरेल. डोकं इकडे कर. खरं सांगू का, तुला राग येईल, पण आत्ता तू उठून जाऊ शकत नाहीस म्हणून सांगते. तुझं सगळं वाचते मी. आवडतं म्हणून असं नाही, बहीण आहेस म्हणून. आणि मला एक कळत नाही, तुला कंटाळा कसा येत नाही गं?"

ती डोळे मोठे करून ताईकडे बघायला लागली. तोंडात नळी सूं सूं करत होती.

"बघतेस काय? तेच तेच लिहायचा. दर वेळी एकच दळण. तो लिफ्टवाला घे. लिफ्टमधलं मला ओ की ठो कळलं नाही, पण तो पहिल्यांदा खड्ड्यात उतरला आणि वर बघितल्यावर त्याला वाटलं की ही पेटी आता आपल्या डोक्यावर येणार, आणि तो लाजून वर आलाच नाही, तिथेच बसून राहिला, ते मला अजून आठवतं. मग ती मधमाश्यांची बाई. पहिल्यांदा पेटी उघडली तर हातमोजे घालायलाच विसरली. मग भिंगं घासणारा. पहिलं बिघडलेलं भिंग घेऊन दुकानाबाहेर आला आणि मुद्दाम फोडलं त्यानं, मालकाला दिसू नये म्हणून. आणि ती पोहणारी आजीबाई. पहिल्या दिवशी नुसती पायऱ्यांवर बसून परत गेली आणि घरी सांगितलं, पोहून आले. विषय काय वाट्टेल तो असू दे, तू आपली तिथेच. पहिला दिवस, पहिली फजिती. माणूस पुढे किती मोठा झाला, काय काय करायला लागला, त्यात तुला रस नाही. त्याला जमायला लागलं की तुझा लेख संपला. एकच लेख तू जन्मभर लिहितेयस बाई, फक्त कपडे बदलून. आता जरा आवाज होईल हं."

यंत्र सुरू झालं. हाडातून येणारा तो आवाज, कानानं ऐकू येत नाही, कवटीत ऐकू येतो तो. आणि त्या आवाजात, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, अर्धा चेहरा हरवलेला अशा अवस्थेत ती पडून राहिली आणि तिच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी तिला वाटलं रडू आहे. ते हसू होतं. एकच दळण! जिच्याबद्दल जग म्हणत होतं हिचा एक विषय धड नाही, तिला तिची सख्खी बहीण म्हणत होती तुझा एकच विषय आहे आणि त्याचा मला कंटाळा आलाय. तिनं घाईघाईनं मनातल्या मनात आपलेच लेख उलटसुलट करून पाहिले. शिंपी? त्याचा पहिला कापलेला खांदा, वाया गेलेलं कापड, अंगठ्याखाली दाबून धरलेलं रडू. हो. तो शवागारात काम करणारा? पहिल्या रात्री तो सारखा म्हणत होता, माफ करा हं, माफ करा. हो. बोगद्यातली बाई, घड्याळजी, मूकबधिर शाळेतली नवी शिक्षिका. हो, हो, हो. कुठूनही निघाली तरी ती त्याच एका दारात येऊन उभी राहत होती, जिथे माणसाला काही येत नसतं आणि तरी तो आत पाऊल टाकतो. इतकी वर्षं आपण भटकतोय म्हणून ती स्वतःला खात होती, आणि पाय तर एकाच घराच्या ओट्यावर होते. आणि कंपनीतलं ते सुख, तेही हेच. तिची छाती हलायला लागली. "हलू नकोस," ताई ओरडली. "दुखतंय का? दुखत नाही ना? मग हसतेस काय वेड्यासारखी?" डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानात गेलं. ते थंड होतं आणि ते तिला अगदी नीट कळलं.

दाढ भरून झाल्यावर ताईनं हातमोजे काढले, पडदा सारला आणि दोन कप चहा मागवला. तिला म्हणाली, "तू पिऊ नकोस, ओठ भाजेल आणि कळायचंही नाही. निवू दे." मग स्वतःच्या कपात बघत बसली. खुर्चीतून न उठताच, बधिर ओठांनी, शब्द सांडत तिनं विचारलं, "थाई, थुझा?" "काय?" "थुझा पहिला दिवस." ताईनं कपाळाला आठी घातली. "माझा कसला? कॉलेजात शिकवलं, शिकले." पण कप खाली ठेवला तिनं. मग उठून दार लोटून आली, आणि खिडकीशी उभी राहिली, पाठ करून.

"आईला सांगायचं नाही," ताई म्हणाली. "पहिला दात काढायचा होता मला, कॉलेजच्या दवाखान्यात. एक माणूस बसवला खुर्चीत. त्यानं माझे हात बघितले आणि उठून गेला. दुसरी बाई बसवली. ती म्हणाली, ही पोर आधी स्वतःच पडेल. सगळे हसले. सरही हसले. मी घरी आले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. सोडणारच होते मी. खरंच. आईला काय सांगायचं याचाच विचार करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रांगेत बाबा उभे. केसपेपर हातात, सगळ्यांसारखे. ओळख दाखवली नाही. नंबर आल्यावर येऊन बसले खुर्चीत. त्यांची एक दाढ पार सडली होती, काढायलाच हवी होती, पण सुईला केवढे घाबरायचे, माहीत आहे ना तुला? वर्षानुवर्षं टाळत होते. सरांनी विचारलं, कोण करणार? बाबा म्हणाले, ही मुलगी मोकळी दिसतेय. मी जवळ गेले. हात असा कापत होता. तर ते मला अगदी हळू, सरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, कापू दे. पहिल्या दिवशी हात कापतोच, त्याच्याशी भांडायचं नाही, तो दमला की थांबतो. मी एवढे पहिले दिवस काढलेत पोरी, माझ्याइतका सरावलेला माणूस तुला इथे दुसरा मिळायचा नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावायला जागा शोधत पुढे-मागे करत होतं.

"मग?"

"मग काय. मूळ मोडलं माझ्याकडून. किती वेळ लागला कुणास ठाऊक. घामानं न्हाऊन निघालो दोघंही. पण खुर्चीचा हात घट्ट धरून बसले ते, हूं नाही की चूं नाही. निघाली एकदाची. उठताना सरांना म्हणाले, मुलीचा हात हलका आहे हो. घरी आईला सांगितलं, वारा बसला म्हणून गाल सुजलाय. आईनं शेक दिला आणि वर ऐकवलं, आता वाऱ्याचाही धंदा करा." ताई हसली. हसता हसता नाक पुसलं. "त्यांच्यासारखा चिवट माणूस मी पाहिला नाही. लोकांना वाटायचं, सोडून देतात. ते सोडायचे नाहीत गं. दर वेळी पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहायचे. सगळ्यांच्या देखत. मला नसतं जमलं. मी एकदाच उभी राहिले, तेही त्यांच्या जबड्यावर."

चहा निवला होता. तिनं तो अर्ध्या तोंडानं प्यायला, थोडा हनुवटीवर सांडला, ताईनं न बोलता पुसला, लहानपणी पुसायची तसा, जरा जास्तच जोरात. मग बाहेर कुणीतरी आल्याचं कळलं आणि ताई पुन्हा डॉक्टर झाली. "त्या बाजूनं दोन दिवस काही कडक खाऊ नकोस. आणि हे छापू नकोस. म्हणजे... मला विचारल्याशिवाय छापू नकोस."

जिन्यात खिडकीतून उतरतं ऊन आलं होतं. ती मधल्या वळणावर थांबली आणि प्रकाशकांना फोन लावला. ओठ अजून जागे झाले नव्हते. मुंग्या मात्र यायला लागल्या होत्या, लांबून कुणी परत येत असावं तशा. "मधमाश्या नाही," ती म्हणाली. "म्हणजे मधमाश्याही. लिफ्टही, भिंगंही, सगळंच. पण पुस्तक एकच आहे. माणसांचे पहिले दिवस. कामाचे. ज्या दिवशी काहीच येत नसतं, तो दिवस. मी दुसरं कधी काही लिहिलेलंच नाही, तुम्ही बघा वाटल्यास." शब्द तोंडातून वाकडे पडत होते. काहीच येत नसतं हे तिला दोनदा म्हणावं लागलं. तिला वाटलं, आता ते विचारतील, कुठल्या कप्प्यात ठेवायचं? आणि गंमत म्हणजे, विचारलं असतं तरी तिला भीती वाटत नव्हती. ठेवा कुठेही. आपण कुठे उभ्या आहोत हे तिला कळलं होतं, आता पुस्तक कुठे का उभं राहीना.

प्रकाशकांनी विचारलं नाही. खुर्ची करकरल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा.

"बाई," ते म्हणाले, आवाज एकदम वेगळा, सकाळचा नव्हे, कुणा तरुण मुलाचा असावा तसा. "मी छापखान्यात लागलो ना, त्या दिवशी... म्हणजे अजून कुणाला सांगितलेलं नाही मी हे. तुम्हाला वेळ आहे का?"

"आहे," ती म्हणाली, आणि पायरीवर बसली.